दोष आणि दोषी

कांहीं बिघडलें म्हणजे "काय बिघडलें?" हा प्रश्न मनांत उभा राहण्यापूर्वीच "कोणीं बिघडविलें?" हा प्रश्न तोंडावाटे बाहेर पडतो, हा मनुष्यस्वभावाचा एक जुना विशेष आहे. हे दोन प्रश्न इतके एकमेकांशेजारीं राहतात कीं, त्यांच्यांतील अंतर सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. पहिला प्रश्न ज्ञानाचा आहे, दुसरा न्यायाचा. पहिल्याचें उत्तर सांपडलें म्हणजे वस्तु दुरुस्त होते; दुसऱ्याचें सांपडलें म्हणजे फार तर मनाचा क्षोभ शांत होतो. आणि दुसऱ्याचें उत्तर पहिल्याच्या अगोदर देण्याची घाई झाली, म्हणजे वस्तु तशीच बिघडलेली राहून शिवाय एका निरपराध मनुष्याचें मन दुखावलें जातें. दोषाचा शोध आणि दोषीचा शोध यांचा परस्परसंबंध काय असावा, व दुसरा शोध केव्हां आणि कोणत्या अधिकारानें सुरू करावा, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

असल्या प्रश्नास उदाहरणें हवीं असल्यास लोक बहुधा पुराणांकडे किंवा न्यायकचेरीकडे वळतात. आम्ही मात्र आमच्या बहुतेक वाचकांच्या घरीं असलेल्या एका सामान्य वस्तूकडे वळणार आहों. कारण जेथें रागलोभ कमी असतात तेथें विचाराची वाट अधिक स्पष्ट दिसते. संगणकाच्या पेटीस मागें व पुढें जीं चपटीं भोकें असतात, ज्यांत कीबोर्ड, माउस, प्रिंटर, पेनड्राइव्ह इत्यादि उपकरणें जोडतात, त्यांस यूएसबी पोर्ट म्हणतात, हें हल्लीं शाळेंतल्या मुलांसही ठाऊक असतें. या योजनेची पहिली आवृत्ति १९९६ सालच्या जानेवारींत सिद्ध झाली. सात मोठ्या कंपन्यांनीं मिळून ती आंखली. तिच्या शिल्पकारांत इंटेल कंपनींतील अजय भट्ट यांचें नांव प्रमुख असून, ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर आहेत. तत्पूर्वी प्रिंटरास एका प्रकारचें तोंड लागे, माउसास दुसऱ्या, कीबोर्डास तिसऱ्या. सर्वांस मिळून एकच दार असावें, हा या योजनेचा हेतु होता, व तो पुष्कळ अंशीं सफळही झाला.

परंतु सर्वांस एकच दार ठेवलें म्हणजे दारावरील मनुष्यास येणाऱ्या प्रत्येकास "तूं कोण?" असें विचारावें लागतें. यूएसबीच्या दारींही हेंच घडतें. उपकरण जोडतांच संगणक त्यास त्याची ओळख विचारतो. तें आपल्या निर्मात्याचा क्रमांक व आपला स्वतःचा क्रमांक सांगतें. आणि मग संगणक त्या क्रमांकास अनुरूप असा ड्रायव्हर शोधूं लागतो. ड्रायव्हर हा वस्तुतः दुभाष्या होय. उपकरणाची भाषा निराळी, संगणकाची कार्यप्रणाली जी विंडोज किंवा लिनक्स, तिची भाषा निराळी. या दोहोंमध्यें बसून एकाचें म्हणणें दुसऱ्यास समजावून देणें, एवढेंच त्याचें काम. म्हणजे साध्या पेनड्राइव्हवरील एक पत्र पडद्यावर उमटण्यापूर्वीं उपकरण, केबल, पोर्ट, मदरबोर्डावरील नियंत्रक, त्या नियंत्रकाचा ड्रायव्हर, उपकरणाचा ड्रायव्हर व अखेर कार्यप्रणाली, इतक्या हातांतून तें जात असतें.

या हातांपैकीं कोणताही एक हात लुळा पडला, तरी बाहेरून दिसणारें लक्षण जवळजवळ एकच असतें: उपकरण गप्प बसतें. विंडोजच्या उपकरणसूचींत त्याच्या नांवावर एक पिवळा त्रिकोण दिसतो व शेजारीं एक क्रमांक असतो. २८ म्हणजे ड्रायव्हर बसविलेला नाहीं. १० म्हणजे उपकरण सुरू होऊं शकत नाहीं. ४३ म्हणजे उपकरणानें आपण होऊन अडचण कळविल्यामुळें तें थांबविण्यांत आलें आहे. हा ४३ क्रमांक एका अर्थीं आरोपीचा कबुलीजबाबच होय. पण मौज अशी कीं, केबल सदोष असली किंवा ड्रायव्हर बिघडला असला तरीही हाच कबुलीजबाब निघूं शकतो. कबुलीजबाबही पडताळून घेतल्यावांचून पुरावा ठरत नाहीं, हें न्यायाधीशांस दीर्घ अनुभवानें कळलेलें तत्त्व मदरबोर्डाची दुरुस्ती करणाऱ्या पोरसवदा कारागिरास पहिल्या महिन्यांतच शिकावें लागतें.

तो कारागीर मग काय करतो? तेंच उपकरण दुसऱ्या पोर्टांत घालून पाहतो, त्याच पोर्टांत दुसरें उपकरण घालून पाहतो, केबल बदलतो, उपकरण दुसऱ्या संगणकावर नेतो. एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची व बाकीच्या जशाच्या तशा ठेवावयाच्या, हा त्याचा नियम असतो. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि उपकरण चालूं लागलें, तर तें चाललें याचा आनंद होतो, पण कशानें चाललें तें कळत नाहीं. आमच्या नैयायिकांनीं यासच अन्वयव्यतिरेक म्हटलें आहे: अमुक असतां कार्य होतें, आणि अमुक नसतां होत नाहीं, अशा दोन्ही बाजू दिसल्याखेरीज त्यास कारण म्हणावयाचें नाहीं. नैयायिक येथेंच थांबले नाहींत. घट घडण्यापूर्वीं कुंभाराचें गाढव माती घेऊन अंगणांत उभें होतें, एवढ्यावरून गाढवास घटाचें कारण म्हणतां येत नाहीं; तें तेथें असलें तरी तें अन्यथासिद्ध होय, असें त्यांनीं स्पष्ट बजावलें आहे. घरोघरीं बिघाडाच्या प्रसंगीं पहिला आरोप ज्याच्यावर येतो तो बहुधा हें कुंभाराचें गाढवच असतो. प्रिंटर बंद पडला. शेवटीं हात कोणाचा लागला होता? आजोबांचा. झालें, निकाल लागला! वास्तविक आजोबांनीं आपलें पत्र छापण्यापलीकडे कांहीं केलेलें नसतें. रात्रीं कार्यप्रणालीची नवी आवृत्ति आपोआप उतरून तिनें जुना ड्रायव्हर बदललेला असतो. परंतु आवृत्ति डोळ्यांस दिसत नाहीं, आणि आजोबा समोर खुर्चींत बसलेले दिसतात.

जवळचें तें कारण आणि दिसतें तें जवळचें, ही समजूत किती फसवी आहे याचीं उदाहरणें या एका विषयांत हवीं तितकीं मिळतात. पेटीच्या पुढील बाजूचीं पोर्टें एका बारीक केबलनें आंतील मदरबोर्डास जोडलेलीं असतात. ती सैल झाली कीं पुढील पोर्टें चंचल होतात, व मागील, जीं मदरबोर्डावरच पक्कीं बसविलेलीं असतात, तीं बिनतक्रार चालतात. दोष पेनड्राइव्हास मात्र लागतो. कांहीं स्वस्त केबलींत विजेच्या दोन तारा तेवढ्या असतात, माहिती नेणाऱ्या तारा नसतातच. उपकरणाचा दिवा लागतो, म्हणून केबल निर्दोष समजली जाते. याहूनही विलक्षण गोष्ट इंटेलनें २०१२ सालीं एका निबंधाच्या द्वारें प्रसिद्ध केली. यूएसबीच्या तिसऱ्या आवृत्तीचीं उपकरणें चालूं असतां त्यांच्यापासून जो विद्युत्-कोलाहल निघतो, तो २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींत मिसळतो. आणि बिनतारी माउस याच लहरींवर चालत असल्यामुळें, शेजारीं डिस्क जोडली कीं माउस अडखळूं लागतो. माउस निर्दोष, डिस्कही आपलें काम चोख करणारी, आणि तरीही एकाच्या उद्योगानें दुसऱ्याची वाचा बसते! अशा वेळीं नवा माउस विकत आणणारा गृहस्थ पैसे तर गमावतोच, पण नवाही तसाच अडखळूं लागला म्हणजे त्याचा जगावरील विश्वासही थोडा कमी होतो.

येथवर आम्ही दोषाविषयीं बोललों. आतां दोषीकडे वळूं, व त्यासाठीं तीन प्रसिद्ध प्रसंग पाहूं.

पहिला प्रसंग २०१५ सालचा. विंडोज ७ ही कार्यप्रणाली २००९ च्या ऑक्टोबरांत बाजारांत आली. यूएसबीची तिसरी आवृत्ति त्यापूर्वीं वर्षभर, म्हणजे २००८ च्या नोव्हेंबरांत, जाहीर झालेली असली, तरी तिचीं उपकरणें अद्याप बाजारांत रुळलीं नव्हतीं. म्हणून तिच्या नव्या नियंत्रकाचा ड्रायव्हर विंडोज ७ मध्यें मुळांत घातलेला नव्हता. मदरबोर्डांवर जुना व नवा असे दोन्ही नियंत्रक नांदत होते तोंपर्यंत ही उणीव फारशी कोणास जाणवली नाहीं. २०१५ च्या ऑगस्टांत इंटेलनें आपल्या सहाव्या पिढीच्या प्रोसेसरांबरोबर जे नवे मदरबोर्ड बाजारांत येऊं दिले, त्यांच्या चिपसंचांतून जुना नियंत्रक काढून टाकलेला होता. मग असें होऊं लागलें: नवीन मदरबोर्ड आणून त्यावर विंडोज ७ बसवावयास घेतली कीं प्रथम कीबोर्ड उत्तम चाले, कारण तेव्हां कारभार मदरबोर्डाच्या स्वतःच्या मूळ आज्ञावलीकडे असे, पण विंडोजनें कारभार हातीं घेतांच कीबोर्ड आणि माउस दोन्ही मुके होत. पडद्यावर "ड्रायव्हर द्या" अशी मागणी येई. ड्रायव्हर पेनड्राइव्हवर असे; पेनड्राइव्ह यूएसबी पोर्टांत असे; आणि पोर्ट ड्रायव्हरावांचून उघडत नसे. ज्यास तर्कशास्त्रांत अन्योन्याश्रय दोष म्हणतात, तो येथें मूर्तिमंत उभा राहिला: पेटीची किल्ली पेटींतच राहिली.

आतां यांत दोषी कोण? विंडोज ७ करणाऱ्यांनीं अद्याप न रुळलेल्या वस्तूची तरतूद केली नाहीं, म्हणून ते दोषी म्हणावे काय? इंटेलनें सहा वर्षांनंतर एक जुना भाग वगळला, म्हणून ती दोषी म्हणावी काय? कीं ग्राहकानें आपल्या संवयीची जुनी प्रणाली नव्या यंत्रावर घालूं पाहिली, हा त्याचा अपराध? प्रत्येकाचें वर्तन निरनिराळें पाहिलें असतां समंजसच दिसतें. आणि सर्वांचें समंजस वर्तन एकत्र आल्यावर एका मनुष्याचा संगणक सुरू होत नाहीं. दोष आहे, पण दोषी नाहीं, अशी ही स्थिति होय. संसारांतील पुष्कळ दुःखें याच जातीचीं असतात. सासू आपल्या काळाच्या शिस्तीप्रमाणें वागते, सून आपल्या काळाच्या; दोघींचाही हेतु वाईट नसतो; आणि घरांत बोलणें बंद होतें. तेथें "चूक कोणाची?" या प्रश्नाचा निकाल लावण्यांत वर्षें जातात, "मध्यें दुभाष्या कोण नाहीं?" हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाहीं.

यावर असा आक्षेप येईल कीं, दोषी कोणीच नाहीं असें एकदां म्हटलें कीं सर्वांसच मोकळें रान मिळेल, आणि ज्याच्या पदरीं त्रास आला त्यानें तो मुकाट्यानें सोसावा असें ठरेल. हा आक्षेप क्षुल्लक नाहीं. मोठ्या संस्था आपली जबाबदारी याच युक्तीनें टाळीत असतात: केबलवाला मदरबोर्डाकडे बोट दाखवितो, मदरबोर्डवाला कार्यप्रणालीकडे, आणि ती पुन्हां केबलीकडे. पण या आक्षेपांत दोष आणि जबाबदारी या दोन निराळ्या गोष्टींची गल्लत झालेली आहे. दोष हा मागें पाहतो, जबाबदारी पुढें पाहते. दोष ज्यानें केलें त्याच्याकडे जातो. जबाबदारी ज्यास करतां येण्याजोगें आहे त्याच्याकडे जाते. वरील प्रसंगीं दोषी कोणी नव्हता, तरी उपाय करण्याचें सामर्थ्य व माहिती ज्यांच्यापाशीं होती असे लोक होते. आणि कित्येक मदरबोर्डकारांनीं नवे ड्रायव्हर विंडोज ७ च्या प्रतींत अगोदरच मिसळून देणारीं साधनें आपण होऊन प्रसिद्ध केलीं. ज्यांच्यापाशीं जुन्या गोल तोंडाचा कीबोर्ड व डीव्हीडीचें यंत्र होतें, त्यांस त्या वाटेनेंही जातां आलें. "आमची चूक नाहीं" हें म्हणणें खरें असूनही त्यावर न थांबतां, "पण आम्हांस करतां येईल तें हें" असें जो पुढें म्हणतो, त्यास आम्ही जबाबदार म्हणतों.

दुसरा प्रसंग २०२१ सालचा. एएमडी कंपनीच्या ५०० मालिकेच्या चिपसंचाचे मदरबोर्ड वापरणाऱ्या अनेकांस असा अनुभव येऊं लागला कीं, यूएसबी उपकरणें मध्येंच क्षणभर तुटतात व पुन्हां जोडलीं जातात. रोग अनियमित होता. आणि अनियमित रोगांत रोग्यावरच संशय घेण्याचा वैद्याचा मोह फार मोठा असतो. तुमची केबल खराब असेल, तुमचें उपकरण हलकें असेल, तुम्हीच कांहीं केलें असेल, असें म्हणून तक्रार परत करणें सोपें होतें. परंतु फेब्रुवारींत कंपनीनें उघडपणें लोकांकडूनच माहिती मागविली. मार्चांत मूळ कारण सांपडल्याचें सांगितलें. आणि एप्रिलांत एजेसा १.२.०.२ या नांवाची सुधारलेली मूळ आज्ञावली मदरबोर्डकारांच्या द्वारें लोकांपर्यंत पोंचूं लागली. या कंपनीची स्तुति करण्याचा आमचा हेतु नाहीं. माल सदोष निघाला हें खरेंच. आम्हांस दाखवावयाचें तें इतकेंच कीं, तक्रार करणाऱ्यास आरोपीच्या जागीं उभें न करतां साक्षीदाराच्या जागीं बसविलें, तेव्हां दोष सांपडला. आरोपी आपला बचाव करतो. साक्षीदार पाहिलेलें सांगतो. घरांत किंवा कचेरींत ज्या माणसाच्या हातून काम बिघडलें, त्यासच त्या बिघाडाची सर्वांत अधिक माहिती असते. आणि आपण त्याच्यावर ओरडून प्रथम तीच माहिती गमावून बसतों.

तिसरा प्रसंग याच्या अगदीं उलट आहे, व तो २०१४ सालच्या ऑक्टोबरांतील आहे. स्कॉटलंडमधील एफटीडीआय नांवाची कंपनी यूएसबीस जुन्या पद्धतीचीं उपकरणें जोडण्यासाठीं लागणारी एक चिप करते. ती चिप इतकी लोकप्रिय झाली कीं, तिच्या हुबेहूब नकली प्रती बाजारांत पसरल्या. नकली चिप असली कंपनीचा क्रमांक सांगे, आणि कंपनीनें स्वतःच्या खर्चानें केलेला ड्रायव्हर फुकट वापरी. हा अन्यायच होता. पण कंपनीनें उपाय असा काढला कीं, विंडोजच्या नव्या आवृत्त्यांबरोबर आपोआप उतरणारा असा ड्रायव्हर तिनें पाठविला, कीं जो नकली चिप ओळखून तिच्या स्मृतींतील उपकरण-क्रमांक पुसून तेथें शून्य लिही. त्या क्षणापासून तें उपकरण संगणकास ओळखूं येईनासें होई. ज्याच्या हातांत तें उपकरण होतें, त्यास बहुधा त्याच्या पोटांत कोणती चिप आहे याची कल्पनाही नसे. पुष्कळदां उपकरण करणाऱ्या कारखानदारासही नसे. लोकांत मोठा क्षोभ झाला, व कांहीं दिवसांतच तो ड्रायव्हर मागें घेण्यांत आला. पुढें २०१६ मध्यें कंपनीनें दुसरा मार्ग योजिला: उपकरण नकली असल्यास नवा ड्रायव्हर खऱ्या माहितीच्या जागीं "हें उपकरण अस्सल नाहीं" अशा अर्थाचें वाक्य पाठवूं लागला.

कंपनीच्या बाजूनें पुष्कळ सांगतां येईल, आणि तें आम्ही हलकें मानीत नाहीं. आपल्या श्रमाचें फळ दुसऱ्यानें चोरावें, आणि त्या चोराच्या मालाची सेवा मात्र आपणच करीत राहावी, असें कोणासही सांगतां येणार नाहीं. नकली चिपेस "मी तुझ्यासाठीं काम करणार नाहीं" असें म्हणण्याचा त्या ड्रायव्हरास पूर्ण अधिकार होता. पण काम करण्याचें नाकारणें वेगळें, आणि दुसऱ्याच्या घरांतील वस्तु निकामी करणें वेगळें. पहिल्यांत आपण आपला हात मागें घेतों. दुसऱ्यांत तो दुसऱ्यावर उगारतों. शिवाय ज्यानें नकली चिप केली, तो आपले पैसे घेऊन केव्हांच दूर गेला होता. हातीं लागला तो शेवटचा ग्राहक. चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्याचा हा प्रकार, आणि त्याचें खरें कारण कंपनीचा दुष्टपणा नसून तिच्या हाताची लांबी हें होय. तिचा हात जेथवर पोंचत होता, तेथवरच्या मनुष्यास तिनें दोषी ठरविलें. आम्ही सर्वच असें करीत असतों. वरिष्ठांचा राग कनिष्ठावर, बाजारांतील राग घरावर, दैवाचा राग मुलांवर काढतों. कारण तीं आमच्या हाताच्या टप्प्यांत असतात. वड्याचें तेल वांग्यावर निघतें तें वांगें अपराधी असतें म्हणून नव्हे. तें जवळ असतें म्हणून.

या तीन प्रसंगांवरून जो क्रम आमच्या मतें निष्पन्न होतो तो असा. प्रथम काय बिघडलें तें पाहावें. नंतर तें सुधारणें कोणास शक्य आहे तें पाहावें. आणि तें दोन्ही झाल्यावरही कांहीं उरत असेल, तर मग कोणाचा अपराध झाला तें पाहावें. पुष्कळ वेळां पहिल्या दोन पायऱ्या चढल्यावर तिसरी चढण्याचें प्रयोजनच राहत नाहीं. जेथें राहतें, तेथें ती अवश्य चढावी; मुद्दाम केलेल्या अपकाराकडे डोळेझांक करणें ही क्षमा नव्हे. फक्त ती शेवटची पायरी आहे, पहिली नव्हे.

या क्रमाच्या समर्थनार्थ एक कारण शेवटीं सांगणें जरूर आहे, व आम्हांस तेंच सर्वांत महत्त्वाचें वाटतें. कारागीर केबलीवर संशय घेतो, पोर्टावर घेतो, नियंत्रकावर घेतो, आणि एकेकास निर्दोष ठरवून सोडून देतो. या संशयानें केबलीचें कांहीं बिघडत नाहीं. परीक्षा झाल्यावर ती पूर्वीं होती तशीच असते. म्हणून वस्तूंच्या बाबतींत सर्वांवर संशय घेणें हा गुण आहे. मनुष्याच्या बाबतींत तसें नाहीं. मनुष्यावर घेतलेला संशय हीच त्यास अर्धी शिक्षा असते, आणि पुढें तो निर्दोष ठरला तरी ती भोगलेली शिक्षा परत घेतां येत नाहीं. कचेरींतील संगणक बंद पडला असतां चारचौघांत ज्या कारकुनास "तुम्हीच काल पेनड्राइव्ह लावला होतात" असें म्हटलें गेलें, त्याच्या दृष्टीनें दुसऱ्या दिवशीं पेटींतील सैल केबल सांपडली तरी प्रकरण मिटत नाहीं. कारण आरोप चारचौघांत झाला होता, आणि केबल सांपडली तेव्हां तेथें कारागिराखेरीज कोणी नव्हतें. वस्तूंची परीक्षा आधीं व माणसांची मागाहून, हा नियम केवळ सोयीचा नसून न्यायाचा आहे, असें आम्ही म्हणतों तें याकरितां.

आणि इतक्या उपरही घाईनें कोणावर आरोप झालाच असेल, तर दोष सांपडल्यावर एक कर्तव्य उरतें, जें बहुतेक घरांत विसरलें जातें. यंत्र सुरू झाल्याच्या आनंदांत सर्वजण आपापल्या कामास लागतात, आणि ज्याच्याकडे बोट दाखविलें होतें तो तसाच कोपऱ्यांत बसून राहतो. त्याच्यापाशीं जाऊन, ज्या माणसांच्या देखत आरोप केला त्यांच्याच देखत, व ज्या आवाजांत केला त्याच आवाजांत, "दोष केबलीचा होता, तुमचा नव्हता" असें सांगितलें पाहिजे. तोंपर्यंत दुरुस्ती पुरी झाली असें आम्ही समजत नाहीं.